सत्तावन्न हजार छायाचित्रांचा खेळ

सुरतेच्या नवाबी थिएटरात १९१३ साली एका मूकपटाचा पहिला खेळ झाला, तेव्हा गल्ल्यात अवघे तीन रुपये पडले, असे सांगतात. तिकिटे सारी तीन-तीन आण्यांची होती असे धरले, तर प्रेक्षक सोळा भरतात. मूकपट होता 'राजा हरिश्चंद्र' आणि त्याचे कर्ते होते धुंडिराज गोविंद फाळके. मुंबईच्या कॉरोनेशन थिएटरात ३ मे रोजी लागून ज्या चित्रपटाने गर्दी खेचली, त्याची सुरतेत अशी गत का व्हावी? कारण फार दूर शोधावे लागत नाही. दोन आण्यांत सहा-सहा तास चालणारे नाटक पाहावयाची तेथील रसिकाला सवय होती. तीन आणे मोजून तास-दीड तासात घरी परतणे हा त्याला आतबट्ट्याचा व्यवहार वाटला. व्यापारी पेठेतला माणूस तो. माल किती आणि दाम किती हे ताडून पाहिल्यावाचून त्याचा हात कनवटीला जावयाचा नाही.

फाळके रागावले नाहीत, की प्रेक्षकांच्या अरसिकतेवर त्यांनी प्रवचनही झोडले नाही. त्यांनी जाहिरात बदलली. सत्तावन्न हजार छायाचित्रांचा खेळ, दोन मैल लांबीचे चित्र, आणि हे सर्व केवळ तीन आण्यांत, अशा आशयाची ती नवी जाहिरात होती. गल्ला तीन रुपयांवरून तीनशेवर गेला, असे चित्रपटाचे इतिहासकार नमूद करतात. जरीच्या तारेची लांबी आणि कापडाचे वार मोजण्यात ज्या शहराची हयात गेली, त्याला दोन मैल लांबीचा माल तीन आण्यांत मिळतो आहे, हे सांगण्याची युक्ती किती अचूक होती!

ही हकीकत बहुधा गंमत म्हणून सांगितली जाते आणि तेथेच सोडून दिली जाते. परंतु कार्टून चित्रपटांच्या षौकिनाने त्या जाहिरातीतील आकड्यांकडे जरा निरखून पाहावे. पस्तीस मिलिमीटर रुंदीच्या फिल्मच्या एका फुटात सोळा चित्रे बसतात. 'राजा हरिश्चंद्र'ची लांबी ३,७०० फूट नोंदलेली आहे. म्हणजे चित्रे झाली सुमारे एकोणसाठ हजार. त्यातून अक्षरांच्या पाट्या वजा केल्या, तर सत्तावन्न हजार हा आकडा अगदी प्रामाणिक ठरतो. दोन मैलांचे मात्र तसे नाही. दोन मैल म्हणजे १०,५६० फूट. त्यात एक लाख अडुसष्ट हजारांहून अधिक चित्रे मावली असती. चित्रपट प्रत्यक्षात पाऊण मैलही भरत नव्हता. जाहिरातीतला मैल व्यापाऱ्याचा होता. चित्रांची संख्या मात्र कारागिराने दिलेली होती, आणि तीत खोट नव्हती.

त्या संख्येत चलच्चित्राचे सारे मर्म आले आहे. पडद्यावर हलत काहीच नसते. स्थिर चित्रांमागून स्थिर चित्रे डोळ्यांपुढून वेगाने सरकविली जातात आणि हालचालीचा भास पाहणाऱ्याच्या ठायी उत्पन्न होतो. सामान्य चित्रपटात ही चित्रे यंत्र आपोआप टिपत जाते. कार्टूनमध्ये त्यांतले प्रत्येक चित्र माणसाला हाताने सिद्ध करावे लागते. भेद काय तो एवढाच. चित्रपटाची महती सांगताना नटांची, कथेची वा पोशाखांची बढाई न मारता ज्याला चित्रांची संख्या सुचली, तो मनुष्य जातीचा अॅनिमेशनकार होता असे म्हटल्यास ते वावगे होणार नाही.

आणि तसे होते याला पुरावा आहे. १९१२ सालच्या सुमारास फाळक्यांनी एका कुंडीत वाटाणा पेरला, कुंडीसमोर कॅमेरा रोखून ठेवला आणि ठराविक अंतराने एकेक चित्र घेण्याचा क्रम महिनाभर चालविला. 'अंकुराची वाढ' या नावाने ओळखला जाणारा तो चित्रपट जेमतेम मिनिटभराचा होता. बी फुगते आहे, कोंब माती दुभंगून वर येतो आहे, वेल आधार शोधीत वर चढते आहे, हे सारे एका मिनिटात! हिशेब करावयाचा तर एका सेकंदास सोळा चित्रे धरून मिनिटाची नऊशे साठ होतात. म्हणजे रोजची तीसेक. महिनाभर रोज तीस वेळा त्या कुंडीपुढे जाऊन उभे राहणाऱ्या गृहस्थाकडे शेजाऱ्यांनी कोणत्या नजरेने पाहिले असेल, याची कल्पना करणे कठीण नाही. परंतु हा एक मिनिट पाहूनच यशवंत नाडकर्णी या त्यांच्या स्नेह्याने भांडवल देण्याचे मान्य केले. हिंदी कथाचित्रपटाच्या धंद्याला पहिले तारण मिळाले ते एका वाटाण्याचे.

या चिकाटीमागची तयारी मोठी होती. १८७० साली त्र्यंबकेश्वरी जन्मलेल्या या ब्राह्मणपुत्राने मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत आणि बडोद्याच्या कलाभवनात शिक्षण घेतले. गोध्र्यास छायाचित्रकाराचे दुकान थाटले. रंगीत शिळामुद्रणाचा धंदा केला. आपल्या आडनावाची अक्षरे उलटवून 'प्रोफेसर केल्फा' या नावाने जादूचे प्रयोगही त्यांनी केले. लोकांना ही धरसोड वाटली असेल. वस्तुतः यातील एकही विद्या वाया गेली नाही. रंगीत छपाईत एका शिळेवरील रंग दुसरीच्या रंगावर नेमका बसला नाही तर चित्र बिघडते; फिल्मवरील एक चित्र दुसऱ्याच्या जागी नेमके आले नाही तर पडदा थरथरतो. शिस्त एकच. आणि जादूगाराला जे हाताच्या चलाखीने साधावे लागते, ते कॅमेरा मध्येच थांबवून सहज साधता येते.

या छंदाची किंमतही त्यांनी मोजली. रात्रंदिवस चित्रे न्याहाळून त्यांची दृष्टी जवळजवळ गेली होती, डॉ. प्रभाकरांच्या उपचारांनी ती परत आली. लंडनच्या प्रवासासाठी विम्याची पॉलिसी गहाण पडली, पुढे पत्नी सरस्वतीबाईंचे दागिने गेले. फिल्म विकत येई ती कडेला भोके न पाडलेली. ती भोके अंधारात बसून पाडण्याचे काम सरस्वतीबाई करीत. दिवसा साऱ्या कंपनीचा स्वयंपाक आणि रात्री हे काम. सत्तावन्न हजारांतले प्रत्येक चित्र जागच्या जागी सरकले याचे श्रेय त्या भोकांना आहे; ते देण्याचे मात्र बहुतेक चरित्रकारांना सुचत नाही.

१९१४ साली फाळके आपले चित्रपट घेऊन पुन्हा लंडनला गेले आणि परतले ते महायुद्धाच्या छायेत. पैसा आटला, कोरी फिल्म दुर्मीळ झाली. या ओढगस्तीच्या काळात, १९१५ च्या सुमारास, त्यांनी 'आगकाड्यांची मौज' हा लघुपट केला. काडी किंचित सरकवावयाची, एक चित्र घ्यावयाचे. पुन्हा सरकवावयाची, पुन्हा चित्र. पडद्यावर काड्या आपण होऊन चालू लागतात, आकृती रचतात आणि मोडतात. फ्रान्समध्ये एमिल कोल याने १९०८ मध्येच काड्यांना असे नाचविले होते. तेव्हा कल्पना सर्वस्वी नवी होती असा दावा करण्याचे कारण नाही. नवल आहे ते वेळेचे. नटांना पगार द्यावा लागतो, काड्यांना द्यावा लागत नाही!

हाताने रेखाटलेले कार्टून आपल्याकडे रीतसर रुजावयास आणखी चार दशके लागली. १९५६ साली डिस्नेच्या संस्थेत काम केलेले क्लेअर वीक्स मुंबईच्या फिल्म्स डिव्हिजनमध्ये शिकविण्यास आले. राम मोहन यांच्यासारखे तरुण त्यांच्या हाताखाली तयार झाले, आणि १९५७ साली जातककथेवरील 'द बनियन डिअर' हा चित्रपट निघाला. पुढे १९७४ साली विजया मुळे आणि भीमसेन यांच्या हातून 'एक अनेक और एकता' घडले. जाळ्यासकट उडून जाणाऱ्या पाखरांचा तो लघुपट दूरदर्शनवर पाहिला नाही असा त्या पिढीचा प्रेक्षक विरळाच. तोपर्यंत बोलपटाने सेकंदाची सोळा चित्रे चोवीस केली होती. म्हणजे दहा मिनिटांच्या चित्रपटाला चौदा हजार चारशे चित्रे हवीत; एक रेखाटन दोनदा वापरावयाची काटकसर केली, तरी सात हजार दोनशे रेखाटने चुकत नाहीत. आता संगणकाने मधली पुष्कळशी चित्रे स्वतः भरून काढण्याचे काम पत्करले आहे. मोजणी त्यालाही टळलेली नाही.

आगकाड्यांची मौज आज पाहावयास मिळत नाही. ती फिल्म हरवली. फाळके स्वतः १९४४ च्या १६ फेब्रुवारीस नाशिक येथे वारले. 'राजा हरिश्चंद्र'चा पहिला व शेवटचा असे दोन भाग पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात जपलेले आहेत. ते मूळ १९१३ चे की त्याच कथेवर १९१७ साली पुन्हा घेतलेल्या चित्रपटाचे, याविषयी अभ्यासकांत वाद आहे. त्यांची लांबी १,४७५ फूट. सुरतेच्या हिशेबाने मोजली तर तेवीस हजार सहाशे चित्रे.