चूल वेगळी, जबाबदारी एकच

(उल्हासनगर कॅम्प ५ येथे शिक्षक, शासकीय कर्मचारी आणि परिसरातील पंचायत सदस्यांपुढे केलेले भाषण)



‘एकत्र कुटुंब मोडले’ अशी खंत आपण वारंवार ऐकतो. ते कशामुळे मोडले याचा शांतपणे विचार करावयाचा, तर त्यासाठी उल्हासनगरसारखे ठिकाण क्वचितच सापडेल. दुसऱ्या महायुद्धात कल्याणजवळ सैन्यासाठी उभारलेल्या छावण्यांत, फाळणीनंतर सिंधमधून आलेली सुमारे एक लाख माणसे वसविण्यात आली. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते कोनशिला बसली आणि वसाहतीस उल्हासनगर हे नाव मिळाले.

बराकीतील एका खोलीत तीन पिढ्या मावणे कठीण होते. साहजिकच भावाभावांच्या चुली वेगळ्या झाल्या. त्यामागे भांडणच असावे लागते असे नाही. जागेची अडचण पुरेशी होती. तरीही दुकानाचे भांडवल आणि लग्नकार्याचा खर्च अनेक घरांत सामाईकच राहिला. पापड लाटून संसारास हातभार लावणाऱ्या स्त्रीच्या शब्दालाही घरात वजन आले. शेजारच्या अंबरनाथमध्ये कारखान्यांत कामाला आलेल्या मराठी कामगारांची गोष्ट फारशी निराळी नाही. संसार येथे, वृद्ध आईवडील गावी आणि सातबाऱ्यावर सर्व भावांची नावे.

डॉ. इरावती कर्वे यांनी एकत्र कुटुंबाची लक्षणे सांगताना एक छप्पर, एक चूल आणि सामाईक मालमत्ता यांचा निर्देश केला होता. ही लक्षणे एकाच वेळी नाहीशी होत नाहीत, हे या वसाहतीवरून दिसते. जनगणनेत मात्र कुटुंब मोजले जाते ते सामाईक स्वयंपाकघरावरून. त्यामुळे वेगळ्या झालेल्या चुली आकड्यांत दिसतात; टिकलेले संबंध आणि मागे राहिलेली माणसे दिसत नाहीत.

मागे राहतात ते वृद्ध आणि मुली. जे काम पूर्वी रूढीवर सोपविलेले होते, ते आता कायद्याने हाती घेतले आहे. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक निर्वाह व कल्याण अधिनियमानुसार, स्वतःचा निर्वाह करू न शकणाऱ्या आईवडिलांना मुलामुलींकडून निर्वाहखर्च मागता येतो. त्यासाठी उपविभागीय स्तरावर न्यायाधिकरण असते. मुलीला एकत्र कुटुंबाच्या मालमत्तेत मुलाइतकाच जन्मसिद्ध हक्क महाराष्ट्राने १९९४ साली दिला. २००५ मध्ये केंद्रीय कायद्यात तशीच दुरुस्ती झाली. त्या दिवशी वडील हयात असणे आवश्यक नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये स्पष्ट केले.

कायदा पुस्तकात राहून उपयोग नाही. वारसनोंदीच्या वेळी मुलींची नावे वगळली जात नाहीत ना, हे पंचायत सदस्यांनी पाहावे. हक्कसोडपत्रावर सही करण्यापूर्वी बहिणीला त्याचा अर्थ समजावून सांगितला जावा. एकट्या राहणाऱ्या वृद्धाला अर्ज कोठे करावयाचा, हे शिक्षकांनी आणि कर्मचाऱ्यांनी सांगावे. चुली वेगळ्या होणे आपण थांबवू शकणार नाही, आणि थांबविण्याचे कारणही नाही. मात्र त्या वेगळ्या होताना कोणी उपाशी वा हक्काविना राहू नये, एवढे आपल्या हाती निश्चित आहे.