परसातले आळे आणि नळाचे पाणी



सुवर्णमहोत्सवाच्या मंगल प्रसंगी पाण्याच्या काटकसरीसारखा घरगुती विषय आम्ही निवडला, याचे काहींना नवल वाटेल. परंतु ब्राह्मणपाऱ्यातील रहिवाशांना तो परका नाही. जवळच कंकाली तलाव आहे. थोडे पुढे गेले की बूढा तालाब. अठराव्या शतकात नागपूरकर भोसल्यांचा अंमल छत्तीसगढावर बसला व मराठी माणसे इकडे आली, तेव्हा रायपूर हे तळ्यांचे गाव होते. त्यांपैकी राजबंधा तलाव बुजला. आज त्याचे नाव तेवढे मैदानाला उरले आहे.

तळी बुजली की भोवतालच्या विहिरींचे पाणीही खाली जाते. आता आपल्या नळाला खारुन नदीचे पाणी येते, आणि उन्हाळ्यात त्या नदीला महानदीवरील गंगरेल धरणाचा आधार लागतो. धमतरीजवळून इतका प्रवास करून आलेले पाणी आपण अंगण धुण्यात घालवतो.

आपल्या आज्या असे करीत नसत. मोरीचे पाणी परसातील अळूला, केळीला, कर्दळीला जाई. तांदूळ धुतलेले पाणी फुलझाडांना मिळे. त्या राखेने भांडी घाशीत. आजचे साबणाचे पाणी मात्र कुंड्यांना घालू नये. झाडांना पाणी द्यावे ते सकाळी लवकर किंवा उन्हे उतरल्यावर, आणि आळ्यात पालापाचोळा अंथरावा, म्हणजे ओल टिकते. सेकंदाला एक थेंब गळणारा नळ दिवसाकाठी वीसेक लिटर पाणी वाया घालवतो. त्याचा वायसर आजच बदलावा.

मोठा हिशेब छपराचा आहे. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. रायपुरात वर्षाला सुमारे १,२०० मिलिमीटर पाऊस पडतो. १०० चौरस मीटरच्या गच्चीवर त्याचे १,२०,००० लिटर होतात. पहिल्या सरीचे मळके पाणी सोडून द्यावे आणि पुढचे खडी-वाळूतून गाळून विहिरीत अथवा शोषखड्ड्यात उतरवावे. तीन हिश्शांनी जरी जिरले, तरी ९०,००० लिटर पाणी आपल्याच जमिनीत राहील.

पूर्वजांनी या मातीत घरे बांधली, भाषा जपली. तिच्या पोटातील पाणीही आपणच जपावयाचे आहे. येत्या पावसाळ्यापूर्वी प्रत्येक घराने आपल्या गच्चीची पन्हळ एकदा पाहावी, एवढी विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.