एक जोडणी, दोन संगणक
(भाषणाचा मजकूर)



भारतातील सर्वसामान्य नागरिकास इंटरनेटची सेवा प्रथम उपलब्ध झाली ती १५ ऑगस्ट १९९५ रोजी, विदेश संचार निगमामार्फत. त्या काळी जोडणी म्हणजे दूरध्वनीच्या तारेला लावलेला एक मोडेम आणि त्या मोडेमला जोडलेला एकच संगणक, असे समीकरण होते. आज शिक्षकाच्या घरी मेजावर डेस्कटॉप असतो, कन्येच्या किंवा चिरंजीवाच्या हाती लॅपटॉप असतो. देयक मात्र एकाच जोडणीचे येते. दोन यंत्रे आहेत म्हणून दोन जोडण्या घ्याव्या लागतात, असा समज अद्यापही काही ठिकाणी आढळतो. तो निराधार आहे. तथापि, एकाच जोडणीवर दोघांनी समाधानाने काम करावयाचे, तर त्यामागील व्यवस्था थोडी समजून घेणे इष्ट होय.

इंटरनेटवर व्यवहार करणाऱ्या प्रत्येक यंत्राला एक अंकी पत्ता लागतो. मूळ योजनेत हा पत्ता ३२ बिटांचा ठरविण्यात आला, आणि त्यातून अधिकाधिक सुमारे ४२९ कोटी पत्ते निर्माण होऊ शकतात. जगातील यंत्रांची संख्या पाहता ते अपुरे पडणार, हे १९९० नंतर लवकरच ध्यानात आले. यास्तव १९९४ मध्ये पत्ता बदलून देण्याची एक युक्ती प्रसिद्ध झाली, आणि काही पत्ते केवळ घरगुती व कार्यालयीन उपयोगासाठी राखून ठेवण्यात आले. १९२.१६८ या अंकांनी सुरू होणारे पत्ते आज घरोघरी दिसतात, ते याच राखीव वर्गातील होत. हे पत्ते लाखो घरांत एकाच वेळी तेच ते असतात आणि तरीही घोटाळा होत नाही, कारण उंबऱ्याबाहेर त्यांना अस्तित्वच नाही.

घोटाळा कसा होत नाही, हे ज्यांना शासकीय कार्यालयातील बारनिशी परिचित आहे त्यांना चटकन उमजेल. कार्यालयाचा टपालाचा पत्ता एकच, टेबले अनेक. एखाद्या टेबलावरून पत्र बाहेर जावयाचे, तर ते बारनिशीत येते, त्यावर जावक क्रमांक पडतो आणि कार्यालयाच्या नावाने ते रवाना होते. उत्तर येते तेव्हा त्यावर त्या क्रमांकाचा संदर्भ असतो. बारनिशी लिपिक नोंदवही पाहतो आणि उत्तर नेमक्या टेबलावर पोहोचते करतो. घरातील राउटर हेच काम करतो, फक्त सेकंदाला शेकडो वेळा. डेस्कटॉपची मागणी आणि लॅपटॉपची मागणी एकाच बाह्य पत्त्यावरून जाते. मात्र प्रत्येकीला वेगळा क्रमांक दिलेला असल्याने उत्तरे चुकीच्या यंत्राकडे जात नाहीत. संदर्भ क्रमांकावाचून अवचित आलेले पत्र कोणत्या टेबलाचे, हे नोंदवहीत नसल्याने ते आत जातच नाही. त्यामुळे काही प्रमाणात आयते संरक्षणही लाभते; पण ते हेतुपुरस्सर उभारलेले संरक्षण नव्हे, म्हणून त्यावर सर्वस्वी विसंबू नये.

पत्त्यांचा जागतिक साठा फेब्रुवारी २०११ मध्ये संपला. तेव्हापासून अनेक सेवा पुरवठादारांनी आपल्याकडेही अशीच एक मोठी बारनिशी बसविली आहे, आणि कित्येक घरांचा मिळून बाहेरचा पत्ता एकच असतो. १२८ बिटांची नवी पत्तापद्धती आता जुनीच्या जोडीने चालते आहे. जुनी मात्र इतक्यात जाईल असे दिसत नाही.

घरात राउटर ही वस्तू सर्रास येण्यापूर्वी हे बारनिशीचे काम डेस्कटॉपवरच सोपविले जाई. १९९९ मध्ये आलेल्या विंडोज ९८ च्या दुसऱ्या आवृत्तीत ही सोय प्रथम अंतर्भूत झाली. डेस्कटॉपला मोडेम जोडावयाचा, त्यातच दुसरे कार्ड बसवून तेथून लॅपटॉपला तार न्यावयाची, अशी ती रचना. उणीव उघड होती: लॅपटॉपवर काम चालावे म्हणून डेस्कटॉप अहोरात्र सुरू ठेवावा लागे. ही सोय आजच्या विंडोजमध्येही आहे आणि अडचणीच्या वेळी उपयोगी पडते. फायबरची तार तुटली असता मोबाइल फोन साध्या यूएसबी तारेने डेस्कटॉपला जोडावा. डेस्कटॉपला फोनवरून इंटरनेट मिळते, आणि त्याच्यात वाय-फाय असेल तर तेथून लॅपटॉपलाही देता येते. परीक्षेचे अर्ज भरण्याच्या अखेरच्या दिवशी एवढ्यानेही कार्यभाग साधतो.

नेहमीच्या व्यवस्थेत राउटर हाच मध्यवर्ती. त्याबाबत एक गोष्ट आग्रहाने सांगण्याजोगी आहे, ती ही की डेस्कटॉप तारेनेच जोडावा. तो जागचा हलत नाही, मग त्याला हवेतून जोडण्यात कसला लाभ? १०० मीटरपर्यंत ही तार निर्वेध चालते. कोणत्याही घराला तेवढी पुरे. वाय-फायची गोष्ट निराळी. तेथील शिस्त ग्रामसभेसारखी आहे: एका वेळी एकानेच बोलावयाचे. दूरच्या खोलीतील लॅपटॉपला लहरी क्षीण मिळतात, तो सावकाश बोलतो, आणि त्याचे बोलणे संपेतो इतरांना थांबावे लागते. एक यंत्र मंद असले की सगळे मंद होतात, ते यामुळे. डेस्कटॉप तारेवर गेला म्हणजे हवेतील गर्दी तितकीच कमी होते. राउटर उंचावर, घराच्या मध्यभागी असावा. लोखंडी कपाटाच्या मागे किंवा टीव्हीच्या पाठीशी तो शोभेसाठी लपविला जातो, हे योग्य नव्हे. जाड दगडी भिंतींच्या जुन्या घरात ५ गिगाहर्ट्झच्या लहरी पलीकडे नीट पोहोचत नाहीत. तेथे वेग कमी असला तरी २.४ गिगाहर्ट्झ अधिक भरवशाचे.

आता वेगाविषयी. जाहिरातीतील वेग मेगाबिटात असतो आणि फाइलचे आकारमान मेगाबाइटमध्ये. एका बाइटमध्ये ८ बिट. ४० मेगाबिटांच्या जोडणीवर ६०० मेगाबाइटची फाइल उतरण्यास निदान दोन मिनिटे लागतात. त्याच वेळी दुसराही तसेच काही उतरवीत असेल, तर सुमारे चार. घरातील कुरबुरीचे खरे कारण मात्र बहुधा उतरविणे नसून चढविणे हे असते. काही योजनांत पाठविण्याचा वेग फारच अल्प असतो. तो २ मेगाबिट असेल आणि डेस्कटॉपवरून शाळेच्या कार्यक्रमाची ३०० मेगाबाइट छायाचित्रे पाठविली जात असतील, तर वीस मिनिटे बाहेर जाण्याची वाट तुंबून राहते. लॅपटॉपवर ऑनलाइन तासास बसलेल्या मुलीचा आवाज तुटतो, पुस्तकाचे साधे पानसुद्धा उघडत नाही, कारण तिची इवलीशी मागणी त्या छायाचित्रांच्या रांगेत मागे उभी असते. अशा वेळी महागडी योजना घेण्यापूर्वी पाठविण्याचे काम रात्रीवर टाकून पाहावे. योजना बदलावयाचीच, तर पाठविण्याचा वेग किती, हा प्रश्न प्रथम विचारावा.

आणखी एक घोटाळा वारंवार घडतो. सेवा पुरवठादाराने बसविलेली पेटी स्वतःच राउटर असते, आणि तिच्यापुढे घरमालक बाजारातून आणलेला दुसरा राउटर लावतो. एका कार्यालयात दोन बारनिश्या झाल्या! इंटरनेट चालते, परंतु लॅपटॉपला डेस्कटॉपजवळचा प्रिंटर सापडत नाही. दुसऱ्या राउटरला ‘ॲक्सेस पॉइंट’ म्हणून ठेवल्यास हे मिटते. तसेच संगणकाचा पत्ता १६९.२५४ ने सुरू होताना दिसला, तर त्याला राउटरकडून पत्ता मिळालेलाच नाही, असे समजावे. तार व राउटर तपासावेत, कंपनीस दूरध्वनी नंतर.

यापुढची बाब सुविधेची नसून जबाबदारीची आहे. जोडणी वाटून घेणे आणि संगणकातील कागदपत्रे वाटून घेणे या दोन भिन्न गोष्टी होत. पण एका राउटरवर आलेली यंत्रे परस्परांच्या आवाक्यात येतात, हे विसरले जाते. शिक्षकाच्या डेस्कटॉपवर निकालपत्रके असतात, ग्रामसेवकाच्या संगणकात लाभार्थ्यांची माहिती असते. बाहेरून फिरून आलेला, विषाणूची बाधा झालेला लॅपटॉप त्याच जाळ्यात जोडला गेला, की बारनिशीची भिंत निरुपयोगी ठरते, कारण धोका आतच आलेला असतो. पाहुण्यांसाठी बहुतेक राउटरांत वेगळे जाळे उघडता येते; ते उघडावे आणि डेस्कटॉपवरील सामायिक फोल्डरांना पासवर्ड असावा. राउटरवर कारखान्यातून आलेला पासवर्ड तसाच ठेवणे सर्वांत घातक. २०१६ मध्ये ‘मिराय’ नावाच्या दुष्ट प्रणालीने अशाच न बदललेल्या पासवर्डांच्या आधारे जगभरातील लाखो कॅमेरे व राउटर ताब्यात घेतले होते, त्यांच्या मालकांना कळूही न देता. वाय-फायसाठी डब्ल्यूपीए-२ किंवा डब्ल्यूपीए-३ हीच पद्धत निवडावी; डब्ल्यूईपी ही जुनी पद्धत २००१ मध्येच निकामी ठरली आहे. शेजाऱ्याला पासवर्ड देण्याची भिडस्त चाल गावोगावी आहे. शेजारधर्म चांगला, परंतु त्या जोडणीवरून काही गैर घडले, तर चौकशी प्रथम येते ती जिच्या नावे जोडणी आहे त्या व्यक्तीकडे.

राहता राहिली विजेची बाब. वीज गेली की डेस्कटॉप बंद पडतो, लॅपटॉप आपल्या बॅटरीवर चालू राहतो, पण राउटर आणि फायबरची पेटी बंद पडल्याने त्याचाही उपयोग उरत नाही. या दोन्ही पेट्यांना वीज फारच थोडी लागते, आणि त्या बहुधा १२ व्होल्टवर चालतात. त्यांच्यापुरती लहान बॅटरी बाजारात मिळते. ती विकत घेण्यापूर्वी दोन्ही पेट्यांच्या तळाशी छापलेला व्होल्टचा आकडा वाचून घ्यावा. तो जुळत नसेल तर पेटी जळू शकते.