फ्लामर्सफेल्ड : एका खेड्याने दिलेला धडा
(भाषणाचा संपादित अंश)



जर्मनी म्हटले की प्रचंड कारखाने डोळ्यांसमोर येतात. आज मात्र आपण त्या देशातील एका खेड्यात जाऊ. ऱ्हाइन नदीच्या पूर्वेस वेस्टरवाल्ड हा डोंगराळ प्रदेश आहे. थंडी कडक, जमीन हलकी. फ्लामर्सफेल्ड हे तेथलेच एक गाव.

१८४६-४७ मध्ये या भागात पिके बुडाली. शेजारच्या वायरबुशचा प्रमुख होता फ्रीडरिश विल्हेल्म रायफायझेन, वय अवघे २८. त्याने गावकऱ्यांना एकत्र आणले, सामाईक भट्टी उभारली आणि गरिबांना उधारीवर भाकरी दिली. १८४८ साली तो फ्लामर्सफेल्डला आला. तेथील दुखणे वेगळे होते. शेतकरी सावकाराकडून उधारीवर जनावर घेई आणि हप्ता थकला की गोठा रिकामा होई. १८४९ मध्ये सुमारे साठ सधन ग्रामस्थांनी सामुदायिक हमी घेऊन साहाय्यक मंडळ स्थापन केले. मंडळाने जनावरे खरेदी करावीत आणि शेतकऱ्याने पाच वर्षांत त्यांची किंमत फेडावी, अशी ती योजना होती.

परंतु श्रीमंतांचा दयाभाव फार काळ टिकत नाही, हे श्रद्धाळू ख्रिस्ती असलेल्या रायफायझेनला अनुभवाने उमगले. म्हणून १८६४ मध्ये हेडेसडॉर्फ येथे त्याने नवी पतपेढी उभी केली. तिच्यात कर्जदार स्वतःच सभासद झाला. कार्यक्षेत्र लहान, जबाबदारी सर्वांची, संचालक विनावेतन. शेजारी शेजाऱ्याला ओळखतो, हेच तेथे तारण ठरले.

सावकारी पाशाचे दुःख आपल्यालाही अपरिचित नव्हते. १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांचा उद्रेक झाला. पुढे मद्रास सरकारच्या वतीने निकल्सन यांनी युरोपातील या संस्थांचा अभ्यास करून रायफायझेनचा मार्ग सुचविला. १९०४ चा सहकारी पतसंस्था कायदा त्याच विचारातून आला आणि १९०५ मध्ये तत्कालीन मुंबई इलाख्यातील कणगिनहाळ येथे पतसंस्था निघाली.

येथेच विचार करण्याजोगा भेद आहे. जर्मनीत संस्था आधी उभ्या राहिल्या, प्रशियाचा सहकार कायदा १८६७ मध्ये मागाहून आला. आपल्याकडे कायदा आधी आला आणि संस्था त्याच्या बोटाला धरून चालल्या. आजही संस्था अडचणीत आली की आपली दृष्टी प्रथम मंत्रालयाकडे वळते, शेजाऱ्याकडे नाही.

आपल्या गावच्या सोसायटीच्या वार्षिक सभेला आपण शेवटचे केव्हा गेलो होतो, एवढे जरी प्रत्येकाने घरी जाऊन आठवले, तरी फ्लामर्सफेल्डची ही यात्रा सार्थकी लागली असे मी समजेन.