अभ्यासक्रम पुढें, मूल मागें

पांचवीच्या वर्गांत शिक्षक फळ्यावर भागाकाराचें उदाहरण मांडतात. पुस्तकाचें तें पान आज संपावयाचें असतें, आणि तें संपतेंही. परंतु मागच्या बांकावरील मुलास दुसरीच्या पुस्तकांतील उताराही अद्यापि धड वाचतां येत नाहीं. त्याच्यापुरता अभ्यासक्रम 'पुरा झाला' म्हणजे नेमकें काय झालें?

असा मुलगा एकटा नाहीं. ग्रामीण भारतांत घरोघर जाऊन मुलांचें वाचन व गणित तपासणारी 'असर' ही पाहणी २००५ सालीं सुरू झाली. तिच्याप्रमाणें २०१८ सालीं पांचवींतील सुमारें निम्म्या मुलांस दुसरीचा मजकूर वाचतां येत होता. महामारींत शाळा दीर्घकाळ बंद राहिल्या. २०२२ सालीं हें प्रमाण शेंकडा ४३ च्या आसपास उतरलें, व २०२४ सालीं पुन्हां ४९ च्या जवळ आलें. घसरण बरीचशी भरून निघाली, ही समाधानाची गोष्ट खरी. परंतु चांगल्या वर्षींही निम्मीं मुलें मागेंच राहतात, हें विसरून चालणार नाहीं.

यावर उपाय काय? २००१ ते २००३ या काळांत मुंबई व बडोदें येथील नगरपालिकांच्या शाळांत एक प्रयोग झाला. 'प्रथम' या संस्थेनें वस्तींतल्याच तरुण मुलींस अल्प प्रशिक्षण देऊन 'बालसखी' म्हणून नेमलें. मागें पडलेल्या पंधरा-वीस मुलांस रोज सुमारें दोन तास वर्गाबाहेर घेऊन त्या वाचन व अंकगणिताचे प्राथमिक पाठ देत. कांहीं शाळांत एका इयत्तेस, तर कांहींत दुसऱ्या इयत्तेस बालसखी मिळाली; निवड सोडतीनें झाल्यामुळें तुलना निःपक्षपाती ठरली. अभिजित बॅनर्जी, एस्तेर द्युफ्लो व त्यांचे सहकारी यांनीं केलेल्या तपासणींत बालसखीकडे गेलेल्या मुलांची प्रगति स्पष्ट दिसली. याउलट, वर्गांतच राहिलेल्या मुलांस, वर्ग लहान होऊनही, विशेष लाभ झाला नाहीं. यावरून केवळ पटसंख्या घटविणें पुरेसें नाहीं; मूल जेथें आहे तेथून शिकविणें महत्त्वाचें, असें अनुमान निघतें.

तथापि या प्रयोगाची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. बालसखीची सोबत सुटल्यावर वर्षभरांत मिळविलेल्या लाभाचा बराच भाग ओसरला. पाया एकदां घातला कीं काम संपलें, असें नाहीं. त्याची निगा शाळेनेंच राखली पाहिजे.

मूल शाळेंतून परतल्यावर 'धडा कितवा चालू आहे?' हा प्रश्न घरोघर विचारला जातो. त्याच्या जोडीला, त्या धड्यांतील चार ओळी मुलाकडून मोठ्यानें वाचून घेतल्या, तर पालकांस पुष्कळ कांहीं कळून येईल; आणि तें वेळींच कळेल.