राखीला काम हवं होतं

नोकरीच्या निमित्तानं आम्ही जर्मनीत येना या गावी राहतो. तिथून वीसेक किलोमीटरवर वायमार. आपल्या ‘शाकुंतला’वर लुब्ध झालेला महाकवी गटे जिथे राहिला, तेच हे वायमार. या गावाचं नाव कुत्र्याच्या एका जातीलाही मिळालं आहे : वायमरानर. गटेला आश्रय देणाऱ्या कार्ल आउगुस्ट राजानंच ही जात तयार केली, असं तिथले लोक सांगतात. पुरावा काही नाही, पण सांगतात मात्र अभिमानानं.

सहा वर्षांपूर्वी अशी एक कुत्री आमच्या घरी आली. खरं म्हणजे तिथले पैदासकार या जातीचं पिल्लू शिकाऱ्याखेरीज सहसा कुणाला देत नाहीत. पण आमच्या शेजारच्या निवृत्त वनाधिकारी आजोबांचे गुडघे गेले, आणि त्यांची दोन वर्षांची आस्टा आमच्याकडे आली. राखाडी, चकचकीत अंग, मधाच्या रंगाचे डोळे, वजन तीस किलोच्या आसपास. साताऱ्याहून आलेल्या सासूबाईंनी तिचं नाव राखी ठेवलं. मात्र स्वयंपाकघराचा उंबरा ओलांडायला तिला बंदी!

एकदा अंगणात पारवा पाहून राखी पुढचा पाय उचलून पुतळ्यासारखी थिजली. सासूबाई ओरडल्या, ‘‘अगं बाई, हिला वारं गेलं की काय!’’ सावज कुठे आहे, हे शिकाऱ्याला दाखवण्याची ती तिची उपजत रीत होती.

या कुत्र्यांमागे इतिहास आहे. १८४८च्या क्रांतीनंतर जर्मनीत सरदार-जमीनदारांचा शिकारीचा खास हक्क संपला आणि साधी माणसंही शिकारीला जाऊ लागली. प्रत्येक कामाला वेगळा कुत्रा पाळणं त्यांना कुठलं परवडायला? म्हणून सावज हुडकणारा, पाण्यातून पक्षी आणणारा, जखमी जनावराचा माग काढणारा असा सगळी कामं करणारा एकच कुत्रा त्यांना हवा होता. तशा जाती मग घडवल्या गेल्या.

आमच्या घरी यातलं एकही काम नव्हतं. आम्ही दोघं नोकरीवर, सई शाळेत. राखीला खायला उत्तम, झोपायला मऊ गादी, आणि लाड तर विचारूच नका. तरी ती दिवसभर रडायची. दाराची चौकट तिनं नखांनी सोलून काढली. वरच्या मजल्यावरच्यांनी तक्रार केली.

नोव्हेंबरातल्या एका संध्याकाळी जंगलात माझ्या हातून तिचा पट्टा निसटला. समोरून हरीण गेलं आणि त्यामागे राखीही दिसेनाशी झाली. जंगलात कुत्रा बांधूनच न्यायचा, असा तिथला कायदा आहे. हरणामागे लागलेल्या मोकाट कुत्र्यावर काही परिस्थितीत गोळी झाडायची मुभाही असते. मी हाका मारत होते. अंधार पडला आणि लांबून बंदुकीचा एक बार ऐकू आला. माझे पायच गळाले.

दोन तासांनी ती चिखलानं माखून लंगडत परत आली. तो बार दुसऱ्याच कशावर तरी होता. पण त्या रात्री घरात निर्णय झाला, की राखीला परत द्यायचं. सई उशीत तोंड खुपसून रडली.

सकाळी मी आजोबांकडे गेले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाले, ‘‘तुम्ही तिला माया देता, काम देत नाही.’’

मग त्यांनीच आम्हाला शिकवलं. सईनं शेताच्या कडेनं पाय घासत चालत जायचं आणि शेवटी हातमोजा टाकून द्यायचा. अर्ध्या तासानं राखीनं दहा मीटरच्या दोरीवर, नाक जमिनीला लावून तो शोधायचा. पाण्यात टाकलेली कापडी पिशवी आणून हातात द्यायची. रोज दोन तास, मग पाऊस असो वा बर्फ. पहिल्या आठवड्यात आम्हीच थकलो. पण महिन्याभरात राखीचं रडणं थांबलं. काम झालं, की ती दमून शांत झोपायची.

पुढे एकदा फिरायला गेलेल्या सासूबाईंच्या चष्म्याची डबी वाटेत कुठे तरी पडली. राखीनं गवतातून ती अचूक हुडकून आणली आणि त्यांच्या पुढ्यात ठेवली. त्या दिवशी स्वयंपाकघराच्या उंबऱ्याची बंदी उठली!

राखी आता आठ वर्षांची आहे. मूळचीच राखाडी, त्यामुळे वय दिसत नाही. तिची दोन तासांची हजेरी मात्र अजून चुकत नाही, आणि तिच्यामुळे आमचीही नाही.

आपल्याकडेही पुण्या-मुंबईच्या फ्लॅटमध्ये हल्ली परदेशी जातींची कुत्री दिसतात. पिल्लू घेताना आपण रंग पाहतो, किंमत विचारतो. त्याआधी एक प्रश्न विचारावा : या जातीला माणसानं कोणत्या कामासाठी घडवलं? आणि त्या कामासाठी, किंवा त्याच्या जवळपासच्या एखाद्या खेळासाठी, आपल्याकडे रोज वेळ आहे का? नसेल, तर पिल्लू कितीही गोजिरं असलं, तरी ते न घेण्यातच त्याच्यावरची खरी माया आहे.