टेस्टर लावला होतास का?



सकाळी चहाच्या वेळी तिघींनी विचारलं, "तू नेमकं करतेस काय गं?" दरवेळी मी "कॉम्प्युटरचं काम" म्हणून सुटते. आज माइक हातात आहे, तर सांगतेच.

मी लिनक्स कर्नलच्या मेमरीच्या भागावर काम करते. कर्नल म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा. तुमच्या अँड्रॉइड फोनमध्येही हाच आहे. तो मेमरीचे साधारण ४ केबीचे तुकडे पाडतो, त्यांना पेज म्हणतात. कुठलं पेज कुठे ठेवलंय याची वही म्हणजे पेज टेबल. नेहमीच्या ६४-बिट इंटेल प्रोसेसरवर वहीच्या एका पानात ५१२ नोंदी, म्हणजे २ एमबीचा हिशोब.

एकाच प्रोग्रॅमचे अनेक थ्रेड एकाच वेळी या वहीत लिहायला येतात, म्हणून कुलूप. पूर्वी अख्ख्या वहीला एकच कुलूप असे. एमआयडीसीत एका वजनकाट्यापुढे भंगाराच्या ट्रकांची रांग लागायची, आठवतं ना? तसंच. २००६ च्या जानेवारीत आलेल्या २.६.१५ आवृत्तीत ह्यू डिकिन्स यांच्या कामामुळे वहीच्या सर्वांत खालच्या थरातल्या प्रत्येक पानाला वेगळं कुलूप मिळालं.

नवं पेज हवं असलं की कर्नल आधी मोकळं पेज शोधून, पुसून तयार ठेवतो आणि मगच कुलूप घेतो. शोधताना थांबावं लागू शकतं, आणि हे कुलूप हातात असताना झोपायची मुभा नाही. कुलूप मिळालं की नोंद पुन्हा वाचतो. मधल्या वेळात दुसऱ्या थ्रेडने तिथे पेज लावलं असेल, तर आपलं निमूटपणे परत करतो.

नोकरीच्या सुरुवातीला एका ड्रायव्हरमध्ये मी ही पुन्हा वाचायची ओळ गाळली. आत्ताच तर रिकामं बघितलं होतं! चाचण्या सगळ्या पास. ग्राहकाकडे मात्र अधूनमधून माहिती नाहीशी व्हायला लागली. एका थ्रेडने पेज लावून त्यात लिहायचं, दुसऱ्याने त्या जागी आपलं कोरं पेज लावायचं. एरर कुठेच नाही. पाच आठवडे मी इतरांच्या कोडमध्ये चूक शोधत होते. एका सहकाऱ्याला तर मीटिंगमध्ये दोषी धरलं. मग सगळ्यांसमोर त्याची माफी मागितली.

त्या रात्री बाबांना फोन केला. बाबा एमआयडीसीतल्या रोलिंग मिलमध्ये इलेक्ट्रिशियन होते. मोटरचं काम निघालं की मेन स्विच पाडायचा, त्याला आपलं कुलूप, किल्ली खिशात. तरीही हात घालण्याआधी टेस्टर लावायचे. लहानपणी डबा द्यायला गेले तेव्हा मी विचारलं होतं, "कुलूप तर तुम्हीच लावलंत ना?" म्हणाले, "कुलूप लावलं म्हणजे आता कुणी हात लावणार नाही. आत करंट आहे का, ते कुलूप कसं सांगेल?"

फोनवर त्यांनी सगळं ऐकून घेतलं. पेज टेबल त्यांना कळलं नसावं. एवढंच विचारलं, "टेस्टर लावला नव्हतास?"

आता नव्या मुलांचं कोड तपासताना अशी जागा दिसली की मी शेजारी एकच शब्द लिहिते, "टेस्टर?" ऑफिसात इतरही तो वापरायला लागलेत. कुठून आला, हे त्यांना अजून सांगितलेलं नाही.